चारपैकी तीन

बीडमध्ये माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि स्केटिंगशी माझा संबंध लेकीच्या फीपुरता होता. ती लहान असताना कॉलनीतल्या क्लासला जायला लागली. शर्यतीत फार रमली नाही. मग एका सुट्टीत पुण्याच्या शिबिरात तिनं आर्टिस्टिक स्केटिंग पाहिलं: चार चाकांचे स्केट घालून संगीतावर फिरायचं, उड्या मारायच्या, एका पायावर गिरक्या घ्यायच्या. टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग दिसतं ना, त्याचंच हे चाकांवरचं भावंड. उड्यांची नावंसुद्धा तीच. शेजारचे अजूनही विचारतात, "कितवी आली पळण्यात?" आधी मी समजावून सांगायचो. आता "तिसरी" म्हणतो आणि विषय संपवतो.

२०२५च्या मे महिन्यात तिला शिकवणाऱ्या पुण्याच्या मॅडमचा फोन आला. "दादा, पोरीला बारावं लागलंय, आता असं मनाला येईल तसं चालणार नाही. तिचा सीझन आखायचा. उड्या-गिरक्यांचं मी बघते. तारखा, शाळा, प्रवास, पैसे तुम्ही मांडा आणि मला पाठवा." मी हो म्हणालो. तारखाच तर लिहायच्यात, भिंतीवर कॅलेंडर आहेच, असा माझा हिशेब होता.

रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो. या विषयावर जे काही सापडलं ते सगळं बर्फावरचं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. ज्युनियर ग्रां प्रीच्या स्पर्धा ऑगस्टपासून, मोठ्यांच्या सहा ग्रां प्री ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यांची अंतिम फेरी डिसेंबरात, मग ज्या त्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धा आणि मार्चमध्ये जागतिक अजिंक्यपद. एप्रिल-मे विसाव्याचे, नवं संगीत निवडायचे. वयसुद्धा १ जुलैला किती पूर्ण झालं ते धरतात. आपल्या शालेय स्पर्धांचे वयोगट १ जानेवारीच्या हिशेबानं. एकच पोरगी एका नियमानं एका गटात आणि दुसऱ्या नियमानं दुसऱ्या गटात, हे मला दोनदा वाचूनही पटेना. आई शेजारी बसून वाती वळत होती. म्हणाली, "बर्फाचं काय घेऊन बसलायस? इथं प्यायला पाणी नाही."

म्हातारीचं खोटं नव्हतं. बर्फाचं मोठं, ६० बाय ३० मीटरचं रिंक गाठायचं तर देहरादून. ते २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं, नंतर कित्येक वर्षं बंद पडून होतं, २०२५मध्ये पुन्हा सुरू झालं. आम्हाला ते चंद्राएवढंच लांब. पण बर्फवाल्यांचं वर्ष कागदावर इतकं नीट बसवलेलं होतं की मी त्याचे खाने वहीत आखले आणि त्याखाली आमचं वर्ष लिहायला घेतलं. एकही खाना जुळेना.

कारण आमचं वर्ष आमच्या हातात कुठंय? शाळेच्या स्पर्धा जिल्ह्यावर, मग छत्रपती संभाजीनगर विभाग, मग राज्य. फेडरेशनची वाट वेगळी: जिल्हा, राज्य, आणि राष्ट्रीय बहुतेक वर्षाअखेरीला. त्यात खाजगी क्लबांच्या 'ओपन' स्पर्धा, ज्यांत फी भरली की पदक जवळपास ठरलेलं. मध्ये गणपती, घटक चाचणी, सहामाही, दिवाळी. तारीख कळते ती व्हॉट्सॲपवर, कधी दोन आठवडे आधी, कधी परवा. एका स्पर्धेचं पत्र तर आमच्या हातात पडलं तेव्हा प्रवेशाची मुदत टळून गेली होती. तरीही मी सापडल्या तेवढ्या सगळ्या स्पर्धा रांगेनं लिहून काढल्या. महिन्याला दोन भरल्या. पान कसं भरगच्च दिसत होतं. फोटो काढून मॅडमना पाठवला.

त्यांचा उलट प्रश्न आला, "यातली तुमची स्पर्धा कोणती?"

"सगळ्याच," मी म्हणालो.

"एक सांगा. बाकीच्या तिच्या पुढं-मागं लावायच्या नाहीतर सोडायच्या."

राज्य स्पर्धा, नोव्हेंबरच्या आसपास, असं ठरलं. मग त्यांनी फोनवरच मागं मोजायला लावलं. शेवटचे आठ-दहा दिवस सराव कमी, फक्त धार ठेवायची. त्याआधीचे तीन-चार आठवडे अख्खा प्रोग्रॅम रोज, संगीतासकट, न थांबता. पडली तरी उठून पुढं जायचं. याला त्या रन-थ्रू म्हणतात. त्याआधी प्रोग्रॅमचे तुकडे: पहिला अर्धा, दुसरा अर्धा, मधली पावलांची रांग. त्याच्याही आधी, मे-जून-जुलैत, नवी उडी शिकायची, जमिनीवर चपळाईचे व्यायाम करायचे, संगीत ठरवायचं. नवी उडी स्पर्धेच्या तोंडावर शिकायची नसते. ऑगस्टच्या शेवटी पुण्यात एखादी छोटी स्पर्धा, ती जिंकण्यासाठी नाही, फक्त परीक्षकांचा कागद हातात यावा म्हणून. माझ्या भरगच्च पानावर शेवटी तीन तारखा उरल्या. बाकीच्यांवर काट मारताना, खरं सांगतो, जीव कासावीस झाला. पदकं होती हो त्यांत.

संगीताचाही एक घोळ झाला. घरात प्रत्येकाची फर्माईश. मी म्हटलं एखादं झणझणीत मराठी गाणं घेऊ, परीक्षक जागे होतील. मॅडम म्हणाल्या, "आधी शब्द असलेलं चालतं का ते त्या त्या स्पर्धेच्या नियमात बघा." बर्फावर एकेरीत गायलेले शब्द २०१४-१५च्या हंगामापासून चालू लागले, त्याआधी नुसतं वाद्यसंगीत. आम्ही शेवटी सनई आणि संबळ घेतला, शब्दांचा प्रश्नच नको.

आता जागा. सरावाला गुळगुळीत फरशी लागते. उघड्या सिमेंटवर पावसाचं पाणी साचलं की संपलं, आणि सिमेंट खरखरीत असेल तर गिरकी फिरत नाही. आमच्या ओळखीच्या एका मंगल कार्यालयाचा हॉल आहे, चकचकीत फरशी, वर पत्रा. मालक म्हणाले, "लग्न नसेल त्या दिवशी घ्या की, पोरगी आपलीच आहे." मी पंचांग उघडलं आणि पहिल्यांदाच या सगळ्या कारभारात एक गोष्ट जुळून आली. आषाढी ते कार्तिकी, चातुर्मासात लग्नं नाहीत. २०२५ला आषाढी ६ जुलैला होती. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर हॉल रिकामा, आणि आमच्या तुकडे-जोडणीचे महिनेही नेमके तेच. पावसाची अडचण गेली, भाडं नावापुरतं. तुळशीची लग्नं लागली की मात्र आमचा मुक्काम हलणार, आणि तोवर राज्य स्पर्धा उरकलेली असली तर बरं. मॅडमना हे सांगितलं तर त्या खूप वेळ हसत होत्या. असा हंगाम त्यांनी कधी आखला नव्हता.

फरशी मिळाली तर चाकं अडली. चकचकीत फरशीवर कडक चाकं घसरतात, मऊ चाकं पकड धरतात. पुण्याच्या रिंकवर उलट, मऊ चाकांनी गिरकी जड होते. चाकाचा कडकपणा आकड्यात लिहिलेला असतो, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. दोन संच घ्यावे लागले. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी रिंकचे चढवायचे, म्हणजे पायाला सवय होते. ही तारीखही वेळापत्रकात आली. आणि बेअरिंग! दोन स्केटना आठ चाकं, चाकाला दोन म्हणजे सोळा बेअरिंग. हॉलच्या दारातून पावसाची माती आत येते, ती यांत बसते आणि चाक गुरगुरायला लागतं. दर रविवारी दुकान बंद झालं की मी स्टीलच्या वाटीत रॉकेल घेतो, सोळा बेअरिंग त्यात टाकतो, जुन्या ब्रशनं घासतो, वर्तमानपत्रावर वाळवतो, प्रत्येकात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकतो आणि बोटावर फिरवून कानाला लावतो. आवाज आला नाही तर पास. सगळ्या हंगामात मला पूर्ण समजलेलं काम हे एवढंच, म्हणून ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

ऑगस्टची छोटी स्पर्धा झाली. निकालापेक्षा तो कागद घेऊन आम्ही परत आलो. त्यात प्रत्येक एलिमेंटची, म्हणजे उडी-गिरकीची, एक ओळ. मला वाटायचं परीक्षक दहापैकी गुण देतात आणि मोकळे होतात. तसं नसतं. प्रत्येक उडीला ठरलेली मूळ किंमत असते, ती कशी मारली त्यावर वर-खाली होते. चाकांच्या खेळात रोलआर्ट नावाची पद्धत आहे, तिचा तक्ता वेगळा. पण मी अभ्यास केला होता बर्फाच्या तक्त्याचा, आणि भाव बघायची आम्हाला सवय, म्हणून त्यावरच हिशेब मांडला.

लेकीची भांडणं चालली होती ॲक्सेलवरून. ही उडी पुढं तोंड करून मारायची आणि हवेत दीड फेरी घेऊन मागं तोंड करून उतरायची. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसननं १८८२ साली व्हिएन्नात ती पहिल्यांदा दाखवली म्हणून तिला त्याचं नाव. लेकीला ती राज्य स्पर्धेत मारायचीच होती. सरावात तीनपैकी दोन बसायच्या. मॅडमचं म्हणणं, त्या जागी लुट्झ घे, ती तुझी कधी चुकत नाही.

बर्फाच्या तक्त्यात एका फेरीच्या लुट्झची किंमत ०.६०, एकेरी ॲक्सेलची १.१०. जवळपास दुप्पट. कुणीही ॲक्सेलच घेईल. पण पडलं तर? परीक्षक उणे पाच देतात, एकेक उणे म्हणजे किमतीचा दहावा भाग, म्हणजे निम्मी किंमत गेली, राहिले ०.५५. शिवाय पडण्याचा दंड पूर्ण १. हातात उणे ०.४५. आता तीन वेळा धरू. ॲक्सेल दोनदा बसली, एकदा पडली: २.२० वजा ०.४५, झाले १.७५. लुट्झ तीनही बसल्या: १.८०. पाच पैशांनी लुट्झ पुढं. आता चार वेळा, तीन बसल्या, एक पडली: ३.३० वजा ०.४५, २.८५. लुट्झ चार: २.४०. इथं ॲक्सेलनं मारलं मैदान. म्हणजे तीनपैकी दोनवर नाही, चारपैकी तीनवर हो.

मी हे बिलबुकाच्या मागच्या बाजूला लिहून लेकीला दाखवलं. मला अभिमान वाटत होता. लहानपणी कधी गणितात असा प्रकाश पडला नव्हता. ती म्हणाली, "बाबा, पडल्यावर पुढच्या दोन उड्यापण बिघडतात, ते कुठं धरलंय?" ते धरलेलं नव्हतं. मॅडमनीही तेच सांगितलं. पडलं की श्वास तुटतो, संगीत पुढं जातं, परीक्षकांचा सादरीकरणाचा आकडाही उतरतो. त्यामुळे अट कडक झाली: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, दमलेली असताना, प्रोग्रॅमच्या आत, चारपैकी तीन. नुसती सुटी उडी नाही. तसं झालं तर ॲक्सेल, नाहीतर लुट्झ. लेकीनं हात पुढं केला, मी टाळी दिली.

सप्टेंबर निम्मा होईपर्यंत पान पाळलं जात होतं. १७ तारखेला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. अख्खं गाव स्टेशनवर, आमची आईसुद्धा. आता पुण्याला रेल्वेनं, असं लेक म्हणत होती. पण गाडी अहिल्यानगरपर्यंतच, पुढं एसटीच. आणि त्याच आठवड्यात पाऊस उतरला. आयुष्यभर ज्या जिल्ह्यानं आभाळाकडं डोळे लावले तिथं सिंदफणेचं पाणी शेतात शिरलं. सोयाबीन, कापूस उभ्या उभ्या कुजला. खरिपाची माझी सगळी उधारी शेतकऱ्यांकडं. ज्याचं रान खरवडून गेलं त्याच्याकडं वसुलीला कुठल्या तोंडानं जायचं? ऑक्टोबरची पुण्याची फेरी रद्द केली. त्या फेरीत मॅडम प्रोग्रॅमची डागडुजी करणार होत्या. ते काम व्हिडिओवर झालं. बायको हॉलमध्ये खुर्चीवर मोबाइल धरून उभी, मॅडम तिकडून ओरडतात, "खांदा! खांदा खाली!", आणि रेंज जाते.

त्याच महिन्यात लेकीचा गुडघा दुखायला लागला. गुडघ्याच्या वाटीखाली टणक, दाबलं की ठणकायचं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात उंची झपाट्यानं वाढते, हाडं पुढं आणि स्नायू मागं, त्यात उड्यांचा भार. दोन आठवडे उड्या बंद, गिरक्या आणि पावलं चालतील. मी वहीतले ते दोन आठवडे खोडले तेव्हा कळलं की मॅडमनी वेळापत्रकात दोन रिकामे आठवडे मुद्दाम का ठेवायला लावले होते. मला ते तेव्हा आळस वाटले होते.

आमच्या जिल्ह्यात या सगळ्याचं मोठं उदाहरण घरोघरी माहीत आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, सैन्यात गेला, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये देशाचा विक्रमवीर झाला. मी त्याच्या तारखा वहीत लावून बघितल्या. २०२३च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत त्याला अंतिम फेरीही गाठता आली नाही. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ८ मिनिटं १९.५० सेकंदांत सुवर्ण. पुढच्या वर्षी ७ जुलैला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, राष्ट्रीय विक्रम; बरोबर एका महिन्यानं त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी, तिथं ८:१४.१८, अकरावा. तयारीत काय कमी होतं? माझ्या मते काहीच नाही. शरीर तारखेच्या जवळपास येतं, तारखेवर येईलच असं नाही. हे बघून मला मोठा धीर आला. गुडघ्यानं दोन आठवडे खाल्ले म्हणून मी झोप घालवून घेतली होती.

शाळेचीही धास्ती होती. नातेवाईक म्हणायचे, दहावीपर्यंत पुरे. त्यांना मी नेथन चेनचं सांगतो: अमेरिकेचा हा बर्फावर स्केटिंग करणारा पोरगा येल विद्यापीठात शिकत असताना २०१९ला जगज्जेता झाला, पण २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आधी त्यानं शिक्षणातून सुट्टी घेतली आणि सुवर्ण आणलं. कुठल्या वर्षी काय पुढं आणि काय मागं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. त्याच्याच देशाची, त्याच खेळातली ॲलिसा लिऊ तर सोळाव्या वर्षी खेळच सोडून गेली, दोनेक वर्षांनी परतली, २०२५ला बोस्टनमध्ये जागतिक विजेती झाली. नातेवाईकांना यातलं फार काही पटत नाही, पण ते गप्प बसतात.

स्पर्धेआधीचा आठवडा सगळ्यांत अवघड गेला, आणि तो लेकीला नाही, घरच्यांना. सराव निम्म्यावर आणला होता. आई म्हणे, "परीक्षा तोंडावर आली आणि अभ्यास बंद करायलाव का?" माझ्याही मनात तेच होतं. संध्याकाळी लेक टीव्ही बघत बसायची आणि मी दुकानात अस्वस्थ. पण ती राज्य स्पर्धेसाठी पुण्याला गेली तेव्हा पाय हलके होते, हे मलाही दिसलं.

ॲक्सेलचं सांगायचं राहिलं. ऑक्टोबरच्या शेवटी, प्रोग्रॅमच्या आत, चारपैकी दोनच बसल्या. लेक रडली, मग तिनंच मॅडमना फोन करून लुट्झ सांगितली. राज्य स्पर्धेत लुट्झ स्वच्छ बसली, एकही पडणं नाही, प्रोग्रॅम पूर्ण. राष्ट्रीयसाठी निवड झाली नाही. पुण्या-मुंबईच्या मुलींच्या रोजच्या रिंकपुढं चातुर्मासाचा हॉल किती पुरणार? पण ऑगस्टच्या कागदात ज्या चार ओळींपुढं उणे होतं, त्यातल्या तीन ओळी नोव्हेंबरच्या कागदात सुधारलेल्या होत्या. माझ्या लेखी हंगामाचा निकाल तो. आता मेमध्ये पुन्हा ॲक्सेल.

बीड जिल्ह्यात स्केटिंग शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना एकच सांगणं: प्रवेश फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा, यंदाची आमची एक स्पर्धा कोणती आणि ही तिच्या आधी कशासाठी. उत्तर आलं नाही तर फी खिशात ठेवा. आणि ज्यांच्या हातात जिल्ह्याचा क्रीडानिधी आहे त्यांना विनंती अशी की तारखा जूनमध्ये कळवा, आणि हँडबॉलच्या मैदानाएवढी, ४० बाय २० मीटरची, वर पत्रा असलेली, गुळगुळीत सिमेंटची एक जागा करून द्या. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, कुठेही चालेल. कार्तिकीनंतर आमच्याकडं सरावाला जागा नाही.